दुसरा नारळ

शहाऐंशी साली दूरदर्शनने आत्मारामची मालिका मंजूर केली. लेखकही तोच आणि निर्माताही तोच, त्यामुळे लिहिण्याची हौस आणि लिहिलेलं निभावण्याची धास्ती एकाच डोक्यात नांदत होती. पहिल्या भागाचा शेवट त्याला आपल्या नाटे गावातच हवा होता: गोष्टीतल्या खलाशाने होडी समुद्रात लोटण्याआधी त्याच्यासाठी देवळात घातलेलं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे नारळ ठेवून केलेलं मागणं. तेही नटाकडून नको, गावाचं गाऱ्हाणं घालणारे त्याचे चुलते दादूकाका हवेत.

काका तयार झाले, पण तोंड भरून काही बोलले नाहीत. पुतण्या कित्येक वर्षांनी गावात आला तो कॅमेरा घेऊन, आणि उतरला रत्नागिरीच्या लॉजवर. राग येणारच की हो.

काकांनी नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही होडी सुखरूप किनाऱ्याला लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेली मंडळी म्हणाली. माइक धरलेला लवूही खच्चून तेच म्हणाला. लवू जयगडचा; गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपसूक उघडणार. त्याचा आवाज माइकमध्ये असा घुसला की बाकीचे झाकून गेले.

"काका, पुन्हा एकदा घेऊ," आत्माराम म्हणाला.

"पुना कशाला? देवान ऐकलान. तो काय बहिरा हाय?"

ऊन उतरत चाललं होतं आणि भाड्याचा कॅमेरा सकाळी मुंबईला परत जायचा होता. शेवट नाही तर भाग नाही. आत्माराम रडकुंडीला आला. "मग मी काय करू, काका?"

"दुसरा काय मागायचा असंल तर नवा नारळ ठेव. तुझा सोताचा."

साऱ्या जगाला संवाद लिहून देणाऱ्या माणसाला स्वतःचं मागणं काही सुचेना. शेवटी काकांनीच त्याच्या हातून नारळ ठेववला. आत्मारामने कॅमेऱ्याला खूण केली. लवूने ओठ दाताखाली दाबून धरले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझा पोर मुंबैत मोठा झालाय. पन गावात येऊन परक्याच्या छपराखाली निजतो, तेवढी त्याची चूक पदरात घे. आन् वर्षाकाठी एक डाव त्याला घरच्या उंबऱ्याला लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

लवूने हेडफोन काढला. "साहेब, मी गप होतो हां. ह्या टायमाला तुमचा आवाज आला."

आत्माराम मनापासून हसला. हे गाऱ्हाणं शेवटाला लावायचं तर आता गोष्टीतल्या खलाशाला मुंबईकर करावं लागणार होतं. करू, त्यात काय मोठंसं. लिहिणारा तोच होता.

अंधार पडायच्या आत कॅमेरावाल्या मंडळींची गाडी रत्नागिरीला निघाली. त्यात आत्माराम नव्हता. तो घरच्या ओटीवर पाय धूत होता आणि आत मथुराकाकू काही न विचारता त्याचं पान मांडत होती.

"बघितलंस?" दादूकाका म्हणाले. "देवाला एकदाच सांगावा लागता."