मी उलटा फिरतो

मी पंप बोलतोय. विहिरीतलं पाणी उपसणारा, तोच. फक्त आता मी उलटा फिरतो, आणि त्याचं कारण दौलताबादच्या नानासाहेबांनी एकदा बसून ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे.

त्यांनी मला विकत आणलं तेव्हा हार घातला, नारळ फोडला. पुढं विहिरीनं तळ गाठला तरी मला चालूच ठेवलं. कोरडा फिरून फिरून माझ्या मोटारीची वायंडिंग जळाली. "पनवती हाय हा पंप," म्हणून त्यांनी मला भंगारात घातलं. तो अपमान मी विसरलेलो नाही.

भंगारातून मला अजिनाथनं उचललं. तो चिकलठाण्यात मोटारी भरतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. त्याची आई सुगंधाबाई मेंढरं राखते. नानासाहेबांच्या बांधालाच तिचं घर. तिनं रात्री कळप त्यांच्या शेतात बसवायचा, लेंडीखत त्यांना मिळायचं, आणि बदल्यात त्यांच्या विहिरीवरून तिला एका बल्बपुरती तार, असा दोघांचा ठराव होता.

गेल्या पौषात तिनं कळप शेजारच्या आप्पासाहेबांच्या शेतात बसवला. नानासाहेबांनी त्याच संध्याकाळी तार तोडली. बल्बच्या उबेला ठेवलेली दोन कोकरं थंडीनं गेली. सुगंधाबाई रडली नाही. तिनं लेकाला बोलावून घेतलं.

अजिनाथनं माझी मोटार नव्यानं भरली, मला डोंगराच्या पायथ्याशी बसवलं आणि वरच्या तळ्यातून पाइप आणला. उंचावरून पाणी जोरानं येतं, माझ्या पंख्यावर आदळतं आणि मला उलटं फिरवतं. पूर्वी मी वीज खाऊन पाणी वर चढवायचो. आता पाणी खाली उतरतं आणि मी वीज देतो. त्यासाठी त्यानं माझ्या तारांना कंडेन्सर जोडले; त्यांच्याशिवाय नुसतं फिरून माझ्यात वीज तयार होत नाही. पहिला बल्ब लागला तशी सुगंधाबाईनं नवी कोकरं त्याच्याखाली आणून ठेवली. मला कुणी हार घातला नाही, आणि मला तेच आवडलं.

आठवड्यापूर्वी गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नानासाहेबांनी नुकतीच कोंबडीची पिल्लं आणून शेडमध्ये सोडली होती. ती गारठू लागली, तसे ते स्वतः चालत आले.

"सुगंधाबाई, एक तार द्या. पिल्लं मरतील."

"माझी मरत व्हती तवा मी बी तुमच्या दारात आले व्हते. तुम्ही कडी काढली नाय."

मला वाटलं, आता ही त्यांना हाकलेल. खरं सांगतो, मला तेच हवं होतं.

"तार न्या," ती म्हणाली. "पर बटन माझ्या घरात ऱ्हाईल. दिस बुडला की बांधावर येऊन हाक मारायची."

"रोज?"

"व्हय. गडी पाठवायचा नाय."

माझ्यापेक्षा ती पुढची निघाली.

नवी डीपी अजून आलेली नाही. रोज नानासाहेब बांधावर उभे राहून हाक मारतात, आणि गावातली माणसं नेमकी त्याच वेळी त्या वाटेनं जातात. पहिलीच हाक सुगंधाबाईला स्वच्छ ऐकू येते. ती चहा टाकते, गाळते, बशीत ओतून फुंकर मारत पिते. मग बटन दाबते. तोवर मी पाण्याच्या माऱ्यात मजेत गरगरत असतो.

तळ्यातलं पाणी होळीपर्यंत पुरेल. तुम्हाला एकच विनंती आहे. तोवर कुणी मध्ये पडून या दोघांचा समेट घडवू नका.