चाकावरची कमान

टेबलावर वाकड्या पात्यांची एक कात्री, एक कटर, सँडपेपरचे दोन तुकडे, एक मार्कर आणि रिमोटवरच्या गाडीची एक पारदर्शक प्लास्टिकची बॉडी एवढं होतं. टेबलाखालच्या खोक्यात आणखी दोन बॉड्या होत्या. त्या दादाने वाया घालवलेल्या. पहिलीला बॉनेटपासून टपापर्यंत तडा गेला होता. दुसरीच्या मागच्या चाकांवरच्या कमानी त्याने इतक्या वर कापल्या होत्या, की गाडीने अर्धी चड्डी घातल्यासारखं दिसत होतं.

"ही शेवटची," दादा म्हणाला. "दुकानदार म्हणतो, हे मॉडेल आता येत नाही. आणि रविवारी शर्यत आहे. तू काप."

धाकटीने मांडीवरचा उजवा हात उचललाच नाही. "माझा व्यायाम व्हावा म्हणून देतोयस ना?"

"तुझा व्यायाम गेला चुलीत. माझी बोटं बघ, केळ्यांचा घड नुसता. लिफ्टचे नटबोल्ट आवळायला ठीक आहेत."

ती पार्लरमध्ये केस कापायची. जिन्यावरून पडून मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाडही जुळलं. पण मनगट पहिल्यासारखं वळेना. तेव्हापासून ती पार्लरच्या काउंटरवर बसून फोन घेत होती. तिच्या खुर्चीसाठी मालकीणबाईंना नवी मुलगी मिळाली होती, आणि 'तुझं काय ते आज कळव' असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. कळवायचं काय, हेच तिला ठाऊक नव्हतं. कात्री चालते का, हे माणसाच्या कानाजवळ तपासून बघायचं कसं?

प्लास्टिकला कान नव्हते.

बॉडीचं प्लास्टिक जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं. कडेचा जादा भाग काढून टाकायचा होता. सरळ कडांना तिने कटरने रेघ ओढली आणि वाकवलं, तशा पट्ट्या कटकन तुटून आल्या. राहिल्या चाकांवरच्या चार कमानी. त्या कात्रीनेच कापाव्या लागतात. मागच्या दोन उथळ होत्या, त्या सहज निघाल्या. पुढची डावी कमान खोल होती. तिने एक डबा उपडा घातला, त्यावर बॉडी ठेवली आणि उभी राहून कापत कापत तिच्याभोवती सरकायला लागली.

"हे काय? गिऱ्हाईक आहे का ते? पाणी विचारू त्याला?"

"डोकं हलवायचं नसतं. आपण फिरायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"हलव की. बोंबलणार नाही ते."

तिने लक्ष दिलं नाही. कमानीच्या माथ्याशी पोचली तेव्हा मनगट आत वळवावं लागलं. कळ थेट कोपरापर्यंत गेली, कात्रीचं टोक उडालं आणि टक असा आवाज झाला. कडेला नखाएवढी खाच पडली होती. तिने बोटाने हलकेच दाबलं, तर खाचेतून केसासारखी बारीक रेघ वर सरकली.

दादा वाकून बघत राहिला.

"गेली?" तिने विचारलं.

"अजून नाही. पण सगळा ताण या टोकावर येणार. पहिल्याच धडकेत तडा टपापर्यंत चढेल." त्याने मार्कर घेतला आणि तड्याच्याही वरून, चार मिलिमीटर उंच, नवी कमान आखली. "एवढी कापली की खाचही जाईल आणि तडाही. पुढची चाकं वळतात, त्यांना जास्त जागा चालते. याच्यावर मात्र गेलो तर संपलं." त्याने हात पुढे केला. "आण, मी करतो."

धाकटीने कात्री दिली नाही. खोक्यातल्या दोन बॉड्यांकडे नुसती नजर टाकली.

"बरं बाई," दादा म्हणाला.

या वेळी ती खाली बसली. कोपर टेबलावर टेकवलं, मनगट सरळ ठेवलं आणि डाव्या हाताने बॉडीच कात्रीत सरकवायला लागली. उजव्या हाताचा फक्त अंगठा हलत होता. पाती पुरती मिटू द्यायची नाहीत, मिटली की खाच पडते, हे तिला आता कळलं होतं. रेघेवरून पट्टी सुटत गेली आणि कुरळी होऊन अख्खीच्या अख्खी टेबलावर पडली. तडा तिच्यातच होता.

मनगट दुखलं नव्हतं. वळलंच नव्हतं.

तिने पुढची उजवी कमानही तेवढीच वर घेतली आणि कडांवर सँडपेपर फिरवता फिरवता एकदम थांबली. "दादा, आमच्या खुर्च्या फिरतात."

"कुठल्या?"

"पार्लरमधल्या. इतकी वर्षं मीच त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते."

"आता गिऱ्हाइकांना चक्कर येणार म्हणायची."

"हळू फिरवीन."

तिने तिथूनच फोन लावला. "मॅडम, माझी खुर्ची देऊ नका कुणाला. उद्या एक साधा कट द्या, करून दाखवते."

"हात वळतो का तुझा?"

"नाही. सरळ ठेवला की चालतो. म्हणून वळवायचं ते गिऱ्हाइकाला."

"उघडायच्या आधी ये. माझेच केस काप. बघू."

तिने फोन ठेवला तोवर दादाने बॉडी गाडीवर चढवली होती. त्याने चाकं आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवली आणि कामाच्या पिशवीतून बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर काढला. टायर आणि कडेमधलं सर्वांत कमी अंतर डाव्या कमानीत पाच पूर्णांक दोन मिलिमीटर भरलं, उजव्या कमानीत पाच. "कुठेच घासत नाही, रविवारी पळणार," तो म्हणाला.