कुटार काही भिजेना

धिंगरी मशरूमच्या बियाण्याची पिशवी फ्रिजमध्ये येऊन आज नऊ दिवस झाले होते आणि गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, अजून पोत्यातच होतं. मशरूमच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, पंधरा दिवसांत लावा, नाहीतर बियाणं कामातून गेलं समजा. गोपिकाबाई रोज सकाळी दूध काढायला फ्रिज उघडायच्या आणि त्या पिशवीकडे पाहून त्यांचं डोकं फिरायचं.

त्यात अवघड ते काय होतं? कुटार सात-आठ तास भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळवायचं. मग प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत एक थर कुटाराचा, एक बियाण्याचा, तोंड बांधून भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत ठेवून द्यायची. दरवर्षी डबे भरभरून कुरडया घालणाऱ्या बाईला हे काय जड होतं! चुकलं एवढंच, की त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं.

मनोहरराव दोन वर्षांपूर्वी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. "सोपी पद्धत कोणती ते मी पाहतो," म्हणून त्यांनी जी वही उघडली ती मिटलीच नाही. तिसऱ्या दिवशी गोपिकाबाईंनी वैतागून कुटार भिजत घातलं, तर या गृहस्थांनी बादली ओतून टाकली. कारण काय, तर पद्धत अजून पक्की झाली नव्हती. घरात आजवर जे जे आलं ते कुणाच्या ना कुणाच्या सांगण्यावरून आलं होतं. ही एक पिशवी तेवढी गोपिकाबाईंनी आपल्या मनानं आणली होती.

"आज काय ते सांगा," त्या वहीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काहून चिडून राहिली वं? ऐक तर. चुन्याची पद्धत सोपी, पण माप चुकलं की गेलं. गरम पाण्याची सोपी, पण आच सांभाळा लागते. वाफेची पक्की, पण ड्रम पायजे. मी काल लकडगंजले जाऊन ड्रम पाहून आलो."

"एका पिशवीसाठी ड्रम?"

"पिशवी एक असो का शंभर, पद्धत ते पद्धत."

"अहो, तिकडे बियाणं मरून राहिलं! तुमच्या वहीले मशरूम येणार आहे का? चौतीस वर्षं एवढाल्या मशिनी चालवल्या, अन् घरी एक बादली भिजवता येत नाही तुमाले!"

मनोहरराव पेनाचं टोपण लावत हळूच म्हणाले, "तिथं मले कोणी पद्धत निवडाले लावली नाही, गोपिका. साहेबाकडून कागद लिहून यायचा. खाली सही पाहिल्याबिगर आम्ही बटनाले हात लावत नव्हतो. लावला, तर माणूस मरते."

गोपिकाबाईंना एकदम वाईट वाटलं, पण राग तसूभरही उतरला नाही. त्यांनी वही ओढली, कोऱ्या पानावर चार ओळी खरडल्या आणि खाली सही ठोकली.

मनोहररावांनी चष्मा लावून कागद वाचला. "पाणी किती गरम?"

"चटका बसन इतकं."

"आकडा लिही."

"ऐंशी!" त्यांनी तोही लिहिला.

मनोहरराव उठले, बाह्या दुमडल्या आणि पोतं उचलून थेट मोरीत गेले. संध्याकाळी कुटार गरम पाण्यातून निघालं, सकाळपर्यंत निथळून गारही झालं. एक शंका नाही, एक प्रश्न नाही.

खरं तर गोपिकाबाईंनी खूश व्हायचं. पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. संसारात इतकी वर्षं या माणसाला समजावलं, विनवलं, रडूनही दाखवलं, आणि हा नुसता सहीच्या कागदाला थांबला होता! एवढं आधी कळलं असतं तर!

बियाण्याची पिशवी बाहेर निघाली तसे मनोहरराव हात धुऊन पुढे आले. गोपिकाबाईंनी त्यांना तिथंच थांबवलं आणि दुसरं पान लिहिलं, 'थर गोपिका लावणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.' खाली ठसठशीत सही.

मनोहररावांनी ते दोनदा वाचलं आणि निमूट दोन पावलं मागे सरकले.

"इथून पाहिलं तर चालन ना?" त्यांनी विचारलं.

"थांबा," गोपिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा पेन उचललं.