चादरीचं दुसरं टोक

आमची लॉन्ड्री होती. पुढे दुकान, मागे घर. इस्त्री माझ्याकडे, घड्या बायकोकडे. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, म्हणून शाळेतून आली की मुलगी दुसरं टोक धरायची. दोघींनी चादर ताणायची, झटकायची आणि टोकाला टोक मिळवत जवळ यायचं. शेवटच्या घडीला मुलगी मुद्दाम आईच्या अंगावर पडायची. आई रागवायची, पण बाजूला कधी झाली नाही. गरम कापडाचा वास आला की अजून त्या दोघी दिसतात.

मुलगी मध्येच हरवायची. बोलता बोलता गप्प, डोळे एका जागी, की लगेच पुन्हा सुरू. मी तिला तंद्रीबाई म्हणायचो. मग गिऱ्हाईकंही म्हणायला लागली. वाचताना मधले शब्द गाळते, लक्ष नसतं, अशी शाळेतल्या बाईंनी तक्रार केली. मी म्हटलं, माझ्यावर गेलीय.

बायको हसली नाही. तिच्या हातांना ते कळलं होतं. घडी घालताना चादर मध्येच सैल पडायची. ती हलकेच ओढून बघायची, पण पलीकडून उत्तर यायचं नाही. मुलीच्या पापण्या बारीक फडफडायच्या, ओठ हलायचे. मग हात पुन्हा चालू, आणि मधलं तिला काहीच माहीत नसायचं.

त्या सुट्टीत मुलीला मैत्रिणींबरोबर पोहायला शिकायचं होतं. मी तर नाव घालून मोकळा झालो होतो. बायकोने पोहण्याचा पोशाख कपाटावर ठेवून दिला. मुलीने अबोला धरला. मीही बायकोला घाबरट म्हणालो.

"तंद्रीतल्या माणसाला हलवलं की ते भानावर येतं," ती म्हणाली. "ही येत नाही. पाण्यात हिचं दुसरं टोक कोण धरणार?"

तिने आम्हा दोघांना दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी मुलीला कागदाचं भिरभिरं दिलं आणि जोरजोरात फुंकत राहायला सांगितलं. भिरभिरं गरगरलं, मंदावलं, थांबलं. मुलगी समोर बघत होती, पण तिथे नव्हती. मी हाक मारली. काही नाही. मग एकदम ती फुंकायला लागली, जणू थांबलीच नव्हती.

ही फिटच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फिट म्हणजे माणूस खाली पडतो, एवढंच मला माहीत होतं. पुढे डोक्याला तारा लावून तपासणी झाली, तिच्यातही तेच निघालं. औषध सुरू झालं. मोठी होता होता तिला फिट येणं थांबलं, डॉक्टरीणबाईंनी औषधही हळूहळू बंद केलं. तोवर पोशाख आखूड झाला होता. आईने नवा आणला आणि तिचं शिकणं संपेपर्यंत रोज काठावर बसली, पाय पाण्यात सोडून.

आता बायको नाही. परवा मुलगी आली, तिने आईच्या चादरी धुतल्या. दुसरं टोक मी धरलं. माझी घडी तिरकी गेली.

"बाबा, जन्मभर लॉन्ड्री चालवलीत ना तुम्ही?"

मी म्हटलं, चालवायची तुझी आई, मी आपला इस्त्री फिरवायचो. ती हसली. आणि तिचे हात थांबले. डोळे खिडकीकडे. चादर सैल पडली.

मी हलकेच ओढलं.

पलीकडून तिने ओढलं.

"इथेच आहे, बाबा," ती म्हणाली. "आई अशीच ओढायची."

मग टोकाला टोक मिळवत आम्ही जवळ आलो.