जोडीचा शब्द

ताईंनी लाल पेनानं ते वाक्य पुन्हा खोडलं आणि कागद टेबलावरून पीएकडे सरकवला.

पीएनं कागद उचलला नाही. निवडणूक तोंडावर आलेली, छापखान्याचा माणूस बाहेर बाकावर जांभया देत बसलेला, आणि अख्ख्या पत्रकात चारचौघांत दाखवावं असं हे एकच वाक्य होतं: 'खेड्यांच्या बसगाड्यांचा कायदा काठावर असताना ताई आपणहून सभागृहात धावून आल्या.' तेही खोडायचं म्हणजे मग उरलं काय? खासदारांची हजेरी, मतं आणि खर्च मांडणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटनं ताईंची आधीच पार लाज काढली होती. मतदानाच्या हजेरीत ताई खालून दुसऱ्या. राजधानीतल्या घरभाड्यात मात्र वरून पहिल्या, कारण घर लिफ्टचं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. चौकाचौकात 'लिफ्टवाल्या ताई' असे फलक झळकले, आणि पोरंटोरं सायकलवरून जाताना तेच ओरडत जायची.

ताईंचा मुलगा गेला हे साऱ्या मतदारसंघाला माहीत होतं. तो दोन वर्षं थोडा थोडा जात होता, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. तसं त्यानंच बजावलं होतं. माझ्या आजारावर मतं मागायची नाहीत, मी काय तुझा जाहीरनामा आहे का, असं म्हणून हसला होता मेला. पुढे त्याला जिना चढवेना, म्हणून लिफ्टचं घर घेतलं. पुढे त्याला एकटं ठेववेना, म्हणून मतदानं बुडाली. पीए कळवळून सांगत होता की ताई, एक ओळ लिहू द्या, सगळ्यांची तोंडं बंद होतील. ताई नुसती मान हलवायच्या. पोराला दिलेला शब्द पोरगा गेला म्हणून काही संपत नाही.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पीएनं खिडकीतून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, काका आलेत."

काका म्हणजे पलीकडच्या पक्षाचे सर्वांत जुने खासदार. पोटातली गोष्ट ओठावर येऊ देत नाहीत, म्हणून सभागृह त्यांना कुलूपकाका म्हणायचं. वेबसाइटवर खालून पहिला नंबर त्यांचाच होता. त्याचं कारण जगात चौघांनाच ठाऊक होतं: ताई, काका, पीए आणि ताईंच्या पक्षाचे प्रतोद.

त्या सभागृहात जोडीचा एक जुना रिवाज होता. एका बाकावरच्या माणसाला काही अडचण आली, तर समोरच्या बाकावरचा एक जण त्याच्यासाठी आपणही मत द्यायचं टाळतो. इकडचं एक गेलं, तिकडचं एक गेलं, हिशेब सारखा. लिहिलेलं काही नाही, सही नाही, सगळा कारभार शब्दावर. मुलगा आजारी पडला तेव्हा ताईंनी स्वतःच्या पक्षातल्या कुणाला सांगायच्या आधी काकांना सांगितलं होतं. काका म्हणाले होते, पोरी, तू दवाखान्यात बस, मी बागेत बसतो. आणि दोन वर्षं हा म्हातारा मतदानाच्या वेळी बागेतल्या बाकावर शेंगा सोलत बसला. वर्तमानपत्रांनी त्याला आळशी म्हटलं, त्याच्या पक्षानं समित्यांवरून काढलं. कुलूप उघडलं नाही.

एकदाच उघडलं. बसगाड्यांच्या कायद्याच्या दिवशी प्रतोदांचा दवाखान्यात फोन आला, की तुमचा म्हातारा ऐटीत येऊन बसलाय, शब्द मोडला त्यानं, तुम्ही निघा. ताई हलेनात. मुलानं उशीवरून मान वळवून सांगितलं, "जा आई. कायदा पडला तर गावोगावच्या बाया मला शिव्या देतील. मी कुठे पळून जातोय?"

ताई गेल्या. मतदानाला सभागृहाची दारं बंद होतात, फोन बाहेर राहतात. ताईंनी बटण दाबलं. समोरच्या बाकावर काकांनी विरोधातलं बटण दाबलं आणि वर ताईंकडे बघून हात हलवला, पोरगा कसा आहे म्हणून खुणेनं विचारलं. ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. दारं उघडली तेव्हा पीए पायरीवर उभा होता, हातात ताईंचा फोन. मुलगा गेल्याचा दवाखान्यातला निरोप त्यानंच घेतला होता.

दोघं आले काय न आले काय, मतांचा फरक तोच राहिला असता. हे ताईंना त्या रात्रीच कळलं होतं. तेव्हापासून त्या काकांशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. काका अंत्यविधीला आले होते, लांब उभे राहिले होते, आणि ताईंनी तोंड फिरवलं होतं. तो म्हातारा एकदा समोर बसला, की विचारायचं होतं. काय मिळालं तुम्हाला, एवढंच विचारायचं होतं. वर्षभर हे वाक्य त्यांनी भाजीत, भाषणात, झोपेत घोळवलं होतं.

आज तो आपल्या पायांनी दारात आला होता.

काकांना त्यांच्या सुनेनं दंडाला धरून आणलं. खुर्चीत बसवलं, मफलर सारखा केला आणि ताईंना दाराबाहेर नेऊन ती हलक्या आवाजात बोलू लागली. काका हल्ली दिवस-वार विसरतात. हल्ली म्हणजे तरी तीनेक वर्षं झालीच. रविवारी उठून सभागृहाला निघायचे, गुरुवारी सुट्टी म्हणून बसायचे. घरच्यांनी झाकून नेलं, माणसाची पत जाऊ नये म्हणून. काल कुणीतरी त्यांच्या हातात तो वेबसाइटचा कागद दिला, आणि तेव्हापासून त्यांनी घास घेतला नाही. तुमच्याकडे न्या, एवढाच धोशा लावलाय.

ताईंनी दाराची चौकट धरली.

"तीन वर्षं?"

"हो. आम्हाला वाटलं, वय झालं."

ताई आत आल्या आणि काकांच्या समोर बसल्या. काका किती वाळले होते! शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. त्यांनी खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला, मांडीवर पसरला आणि बोटानं एक ओळ दाखवली.

"हे बघ पोरी. बाकी सगळीकडे तू नाहीस तिथे मीही नाही. बरोबर आहे. पण इथे तू हजर, मीही हजर. हे कसं?"

त्या ओळीवर बसगाड्यांच्या कायद्याची तारीख होती.

"मी काल रात्रभर आठवतोय. मी त्या दिवशी तिथे का बसलो होतो? आपला शब्द होता का त्या दिवशी?"

पीए चहाचा ट्रे घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. त्यानंच त्या दिवशी गाडी हाकली होती, जातानाही आणि येतानाही.

वर्षभर घोळवलेलं वाक्य ताईंच्या जिभेवर आलं होतं. प्रश्नही आयता समोर मांडलेला. हो म्हटलं की झालं. छातीवरचा दगड उचलून त्या म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवायचा, की आपण मोकळं. ताईंनी पुढे वाकून काकांच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढलं आणि नीट काजात घातलं.

"नव्हता काका."

"नव्हता?"

"नाही. त्या दिवशी त्याला बरं वाटत होतं. मीच म्हटलं, आज जाऊन येते. तुम्हाला कळवलं होतं मी, की आज बागेत बसू नका."

"तू आपणहून आलीस?"

"आपणहून."

काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, पण कपाळावरची आठी गेली नव्हती.

"त्याच दिवशी गेला ना गं तो?"

"हो."

"मग तू..."

ताईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. हात गार होता.

"मी परत आले होते काका. खूप वेळ होते त्याच्याजवळ. रात्री गेला. हात माझ्याच हातात होता."

"काही बोलला?"

"हसला," ताई म्हणाल्या. "काका बागेत शेंगा खाऊन पोट बिघडवून घेतील म्हणाला."

काका हसले आणि हसता हसता रडले, लहान मुलासारखे, नाक ओढत. सुनेनं त्यांचे डोळे पुसले. मग त्यांनी स्वतःहून बिस्किट मागितलं. एक खाल्लं, दुसरं चहात बुडवलं, तिसरं खिशात ठेवलं. निघताना दारात वळून म्हणाले, "लोक काहीही म्हणू देत. मी तुझ्यासाठी एकदाही चुकलो नाही. खरं ना?"

"एकदाही नाही."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ताई पायरीवर उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा पीए खिडकीकडे तोंड करून उभा होता, आणि छापखान्याचा माणूस टेबलापाशी येऊन, उशीर होतोय, असं चेहऱ्यानंच सांगत होता. ताईंनी पत्रकाचा कागद पुढे ओढला. खोडलेलं परत घ्यायचं असलं की छापखान्यात त्याच्याखाली टिंबं देतात. ताई त्या वाक्याखाली टिंबं देत गेल्या. 'आपणहून' या शब्दाखाली पेन थोडं रेंगाळलं, मग पुढे गेलं.

"म्हणजे हे ठेवायचं ना ताई?" माणसानं विचारलं.

"ठेवा."

पीए वळला. त्यानं रिकामा ट्रे उचलला.

"छापून झालं की एक प्रत काकांच्या घरी पोचवा," ताई म्हणाल्या. "हे वाक्य वर दिसेल अशी घडी घाला आणि त्यांच्या हातात द्या. टपालानं नको."