पालाकिकोकाकांचा पाऊस

"अजून पाच मिनिटं थांब रे," पालाकिकोकाका म्हणाले आणि मी गाडी पुन्हा बंद केली.

दुपारच्या विमानाने ते लास व्हेगासला लेकीकडे निघाले होते, कायमचे. आमच्या बेटावरच्या हिलो गावात जन्म काढलेला प्लंबर वाळवंटात काय करणार, हे विचारायची सोय नव्हती. गुडघे गेले होते, आणि उलूलानीकाकू तर गेल्या वर्षीच गेल्या. जाण्याआधी काकांनी गावाच्या वरच्या चढावर, कौमानातल्या बागेत एक शिल्प उभं केलं. अळूची तांब्याची पानं, एकाखाली एक. वरचं भरलं की खालच्यात सांडायचं आणि प्रत्येकाचा सूर निराळा. आमच्या पावसाचं नाव कनिलेहुआ, म्हणजे लेहुआच्या फुलांत वाजणारा. तो आवाज त्यांना एकदा या पानांतून ऐकायचा होता. आणि जिथे धुतलेले कपडे वाळत नाहीत त्या हिलोत, शिल्प उभं राहिल्यापासून थेंब नव्हता.

काका शिल्पाभोवती येरझारा घालत होते. काकूंची धाकटी बहीण मोमी कंटाळून म्हणाली, "दाजी, नळी लावू का?"

"तुझ्या लग्नात नवऱ्याऐवजी त्याचा फोटो उभा केला असता, तर चाललं असतं तुला?"

"मग तोडा एक लेहुआ. लगेच येईल."

आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. ओहिआचं झाड नवरा, लेहुआचं फूल बायको. फूल तोडलं की ताटातूट होते आणि आभाळ रडतं.

काका कुंपणाजवळच्या ओहिआपाशी गेले. लाल फुलाचा देठ बोटांत धरला आणि सोडून दिला.

"उलूला इथे मातीत ठेवून निघालोय," ते म्हणाले. "आजच्या दिवसाला एवढी ताटातूट पुरे."

गाडीत त्यांची बोटं गुडघ्यावर सारखी वाजत होती. मला राग येत होता. आभाळाचा की त्यांच्या लेकीचा, कळेना.

खाली विमानतळावर लख्ख ऊन. बॅगा देऊन होतात तोच मोमीचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"दाजी, तुमच्याच्यानं झालं नाही, म्हणून मी तोडलं. ताईची माफी मी मागीन. इथे कोसळतोय नुसता. ऐका आता."

तिने फोन पानांजवळ धरला असावा. आम्हाला ऐकू आली ती फक्त खरखर, कढईत मासे तळल्यासारखी.

"वाजतंय ना?" मोमी ओरडून विचारत होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"वाजतंय की," ते म्हणाले. "वरचं पान फार छान लागलंय. बंद करू नकोस इतक्यात."

तपासणीच्या रांगेत ते फोन कानाशी धरूनच पुढे सरकत राहिले.