लपलेले तिसरे मूळ

मी एक जुनी अक्कलदाढ आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. मित्रांनो, दाढेला कसला आलाय राग, असे म्हणून हसू नका. वर्षानुवर्षे काचेच्या बरणीत बसून पाहा, म्हणजे कळेल.

माझी मालकीण कपडे शिवायची. तिच्या खालच्या जबड्यात मी सगळ्यांच्या शेवटी उगवले. शेजारची दाढ आधीच गेली होती, त्यामुळे त्या बाजूचे सगळे चावणे माझ्याच गळ्यात पडले. मी कधी कुरकुर केली नाही. पुढे मला कीड लागली, म्हणून ती दातांच्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सरळ समोरून एकच एक्स-रे काढला. "दोन मुळं आहेत," ते म्हणाले. दोन्ही मुळांतल्या नळ्या साफ करून भरल्या आणि मोकळे झाले.

माझे तिसरे मूळ दुसऱ्याच्या आड होते. बारीक, वाकडे, पण जिवंत. समोरच्या फोटोत ते दिसणार कसे?

ती परत आली. "डॉक्टर, अजून ठणकतंय हो."

"बाई, नळ्या भरल्यात. दुखायला उरलंय काय? मनाचं असतं असं."

"मन काय गालात असतं का?"

"मग काढून टाकू. अक्कलदाढच तर आहे, तिचे कशाला एवढे लाड?"

मला उपटले. तिसरे मूळ आता उघड्यावर होते, पण त्यांनी माझ्याकडे धड पाहिलेही नाही. टाकले उपटलेल्या दातांच्या बरणीत.

खूप वर्षांनी त्याच दवाखान्यात दाढांच्या मुळांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी मला धुऊन चहूबाजूंनी फोटो घेणाऱ्या यंत्रात ठेवले. पडद्यावर माझे आतले थर दिसू लागले. "इथे अजून एक नळी आहे," त्या पुटपुटल्या. "हिला कोणी हातसुद्धा लावला नाही."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. माझी मालकीण! आता दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ ठणकत होती. तिच्याही नळ्या भरून झाल्या होत्या. "डॉक्टर, चावायला एवढीच राहिलीय."

"काढून टाकू," तेच डॉक्टर म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला दोन्ही नाहीत. बाई मात्र मला तळहातावर घेऊन तडक तिकडे गेल्या. "सर, हिच्या दोन नळ्या भरल्यात, तिसरी तशीच. या पेशंटच्या दाढेचाही एक फोटो तिरका घ्या ना."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालत फोटो घेतला. आडचे मूळ बाजूला सरकून स्पष्ट दिसले. त्यातली नळीही भरली आणि दाढ वाचली.

"बरं झालं, ही दाढ आपण इतकी वर्षं जपून ठेवली," डॉक्टर म्हणाले. जपून! मी कोणाची, हे त्यांना ठाऊकही नव्हते.

मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणाले, तर त्याला मनाचे खेळ म्हणून वाटेला लावू नका. जरा बाजूला सरकून पुन्हा बघा. माझी मालकीण आता एका बाजूने चावते. दुसऱ्या बाजूला माझी जागा रिकामी आहे.